माझ्याविरुद्ध माझी सही

"हात पुढे कर," मॅडम म्हणाल्या.

मी केले. दोन्ही. तळवे वर. शाळेत छडी खाताना करतात तसे.

मॅडम वाकल्या आणि त्यांनी माझे हात हुंगले. आधी उजवा, मग डावा. मग मागे वळून टायपिस्ट बाईंना म्हणाल्या, "तुम्ही बघा हो जरा. मला एकटीला वाटतंय का?" त्या बाई उठून आल्या. त्यांनीही हुंगले. "थोडासा येतोय," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे न बघता जागेवर जाऊन बसल्या.

"गणपत, तू ये."

गणपतमामा आमचे शिपाई. मूळ कोकणातले, बाप गिरणीत होता, हे साकीनाक्याला कागद वाहायचे. ते दारातच उभे राहिले. "माका सर्दी झाली हा, मॅडम. कसलोच वास येणा नाय."

त्यांना सर्दीबिर्दी काही नव्हती.

आणि मी? मी हात तसेच धरून उभी. कोणी सांगितलं नव्हतं खाली घे म्हणून. बाजारात पापलेट घेताना कल्ले उघडून बघतात ना ताजं आहे का, मॅडमनी माझे कान ओढून तसं बघितलं असतं तरी मी मान तिरकी करून दिली असती. इतकी मी गुणाची पोर.

आज नातवंडांना हे सांगते तेव्हा हसत सांगते. हसल्याशिवाय सांगता येत नाही म्हणून हसते.

झालं होतं ते एवढंच. ऑफिसातला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि पडदा काळाच राहिला. त्याचं कारण शोधायला सगळे माझ्या हातांपाशी आले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याच्या एका गाळ्यांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पितळी नळ परदेशी पाठवणारी कंपनी. खाली लेथ मशिनी, वर आम्ही. कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी काचेची खोली, खोलीला एसी. आम्ही माणसं बाहेर पंख्याखाली घामाघूम, आणि तो डबा आत गारेगार. खोलीत जाताना चपला बाहेर. ते सगळ्यांना होतं, त्याचं काही नाही. पण दाराशी एक बेसिन होतं आणि बेसिनवर डेटॉलची बाटली. ती फक्त मला होती.

कॉम्प्युटर चालवणारी मी एकटी, माझ्यावर ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडम. टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या, वर अंधेरीला एका क्लासमध्ये तीन महिने कॉम्प्युटर शिकलेली. वय एकवीस. राहायला अंधेरीच्याच पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आय मासळी विकायची. मॅडमना हे नोकरीच्या अर्जावरून कळलं. पत्ता वाचल्या वाचल्या म्हणाल्या, "अच्छा, तिकडची का तू." आणि दुसऱ्या दिवशी बाटली आली.

"मशीन फार सेन्सिटिव्ह असतं," त्या म्हणाल्या होत्या. "वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट? मला कुठलं वाईट वाटायला! मी उलट घरून सुवासिक साबणाची वडी आणली, डबीत घालून. सकाळी लिंबाची फोड हातांना चोळायची, वरून पावडर. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली की मला वाटायचं, झाकलं नाही वाटतं नीट. अशी मी आठ महिने स्वतःच्या अंगावर पहारा करत होते. पगार कॉम्प्युटर चालवण्याचा, काम मात्र हे दुसरंच.

आणि याहून मोठं एक सांगायचं आहे. मॅडम अंधेरी पूर्वेला ज्या कॉलनीत राहायच्या, तिथे माझी आय पाटी घेऊन जायची. मॅडम तिच्याकडून मासे घ्यायच्या. सुरमई, पापलेट, घरात पाहुणे असले तर कोळंबी. मला हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. मी आयला म्हटलं, "त्या गल्लीत जाऊ नको."

"का गं?"

"माझ्या ऑफिसातली बाई राहते तिथे."

आयने माझ्याकडे बघितलं. गल्ली सोडली. वीस वर्षांची गल्ली. एका पोरीच्या एका वाक्यावर.

हे लिहिताना आजही बोट थांबतं.

तर त्या दिवसाचं. संध्याकाळच्या आत माल गोदीवर जायचा होता. त्याबरोबर पॅकिंग लिस्ट लागते, कुठल्या खोक्यात कुठला नळ, किती नग. मी भरत होते. अर्ध्यावर मशीन अडकलं. कळ दाबली तरी अक्षर उमटेना. असं व्हायचं कधीकधी. मी काचेतून मॅडमना खूण केली. त्या आत आल्या.

"बंद कर आणि परत चालू कर."

मी बटण बंद केलं. आता मॅडमची एक रीत होती. मशीन बंद झालं की लगेच चालू करायचं नाही. आधी पिवळ्या फडक्याने पडदा पुसायचा, वरून खाली, कडा, कोपरे. मग पडद्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग मशीनच्या माथ्यावरचं हळदकुंकू बोटाने जरा ठीकठाक करायचं. मग म्हणायचं, "हं, कर." दसऱ्याला त्या मशीनला झेंडूची माळ घालून नारळ फोडला होता, तेव्हापासून हे रोजचंच झालं होतं. पडद्याला हात लावायचा मान त्यांचाच. मला फक्त कीबोर्ड. पडदा, त्याचा डबा, मागची वायर, कशालाही मी शिवायचं नाही.

त्यांनी पुसलं. नमस्कार केला. "हं, कर."

मी केलं. आतला पंखा घुरघुरला. टीक असा आवाज आला, नेहमीचा. फ्लॉपीचा लाल दिवा लागून विझला. पडद्याखालचा हिरवा ठिपकाही लागला. आणि पडदा काळा.

थांबलो. पुन्हा बंद, पुन्हा पुसणं, पुन्हा चालू. काळा. गणपतमामांनी मागची वायर काढून घट्ट बसवली. काळा. प्लग दुसऱ्या भोकात घातला. काळा. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. लाखाच्या घरातली वस्तू, शेठ वरच्या मजल्यावर, आणि सांभाळायची जबाबदारी मॅडमची. आता मी त्यांच्या बाजूनेही बघू शकते. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा काय सुचतं? आपल्यापेक्षा खाली कोण उभं आहे ते.

"आज हात धुतले होतेस?"

"हो, मॅडम."

"पुसले होतेस? की ओलेच लावलेस?"

"पुसले होते."

"हात पुढे कर."

पुढचं सांगून झालं आहे.

मग मला खोलीबाहेर चपलांच्या फळीशेजारी स्टुलावर बसवलं. इंजिनिअरला फोन गेला, तो म्हणाला उद्या दुपारनंतर. माल तर आज जायचा. मग त्याच चपलांशेजारी जुना टाइपरायटर आणून ठेवला आणि सगळी यादी माझ्याकडूनच टाइप करून घेतली. अकरा पानं. कार्बन घालून चार प्रती. टाइपरायटरला माझे हात चालले. कागद गोदीपर्यंत गेले, बोटीवर चढले, कुठल्या कुठल्या देशात पोचले. तिकडे कोणी हुंगून परत पाठवले नाहीत.

साडेपाचला मॅडमनी कोरा कागद पुढे ठेवला. आवाज मऊ होता. "हे बघ, शेठना काहीतरी सांगावं लागेल. तू लिहून दे, की हात ओले राहिले, चुकून मशीनला लागले. चूक कबूल केली की माणूस मोठा होतो. या महिन्याअखेर तुला कायम करायचं आहे ना? मी बोलते शेठशी."

त्या इंग्रजीत सांगत गेल्या, मी लिहीत गेले. माझे हात ओले होते. माझ्या निष्काळजीपणामुळे पडदा बंद पडला. पुन्हा असं होणार नाही. एके ठिकाणी त्यांचं वाक्य चुकलं, ते मी सुधारलं. शेवटी "कृपया क्षमा करावी" त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. अक्षर बघाल तर मोत्यासारखं. खाली पूर्ण नावाची सही, वळणदार, सहीखाली रेघ मारून दोन टिंबं.

दोन टिंबं! कशाची ऐट होती गं तुला, बये?

घरी गेले तेव्हा आय अंगणात सुकट निवडत बसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. हुंगण्याचं नाही सांगितलं. मशीनचं आणि कागदाचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुजं हात वलं होतं?"

"नाय."

"मंग कनाला लिवलंस?"

"नोकरी जाईल ना."

तिने सुकटाची पुढची मूठ ओढली. मग म्हणाली, "मी आंगठेवाली. सोसायटीत आंगठा द्यायचा झाला तर चार जणांना इचारते, काय लिवलंय रं यात? वाचून दाखवल्याबिगर आंगठा शाईत बुडवत नाय. तू शिकलीस. बाई सांगते नि तू लिवतेस, आनि सही पन तूच करतेस." सुकटातला एक खडा तिने बाजूला टाकला. "तुजी सही माज्या आंगठ्यापेक्षा सस्ती निघाली गं."

थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

मी तिथेच खाली बसले. रडले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण रडू आलं नाही. मग हुंगण्याचंही सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं?

"कोन? ती कॉलनीतली?" आय हसली. "ती तर कोलंबी सोलून मागायची. माज्या हातची. तवा नाय वास आला तिला."

"तुला ठाऊक होतं? तीच आहे ते?"

"तू गल्ली सोडाय लावलीस तवाच वलखलं. मी काय येडी हाय?"

म्हणजे आठ महिने तिला माहीत होतं, की पोरगी आपली लाज बाळगते. रोज मला डबा भरून देत होती.

मग तिने विचारलं, "मशीन मेली का नुस्ता पडदा?"

"मशीन चालतेय. आवाज येतो, दिवा लागतो. पडद्यावर काय दिसत नाय."

"हां. मंग वात उतरवली असंल कोनीतरी."

"कसली वात? कॉम्प्युटरला वात नसते, आय."

"होडीवरचा कंदील कसा? घासलेट भरलेलं, काच साफ. तरी अंदार. का? पुसताना चावी फिरली, वात खाली गेली. पोरं बोंबलतात, कंदील बिगडला. बिगडत काय नाय. वात वर करायची." तिने चिमटीत हवा फिरवून दाखवली.

मला पिवळं फडकं दिसलं. वरून खाली, कडा, कोपरे. आणि पडद्याच्या खालच्या कडेला, हिरव्या ठिपक्याजवळ, बोटाच्या पेराएवढी एक दातेरी चकती. क्लासमध्ये सर म्हणाले होते, उजेड कमीजास्त करायची. तीन महिन्यांच्या कोर्समधलं अर्ध्या मिनिटाचं वाक्य. ते मला मॅडमसमोर का नाही आठवलं? आठवणार कसं? माझं सगळं डोकं माझ्या हातांचा वास मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी लिंबू चोळलं नाही. पावडर नाही. सकाळी आयबरोबर बोंबील साफ केले, घरी करते तसे पाण्याने हात धुतले आणि निघाले. धीर फार होता असं नाही. साकीनाक्याला उतरताना वाटलं, परत जावं आणि तापाचा निरोप पाठवावा. पाय मात्र जिना चढले.

चपला काढल्या. बेसिनसमोरून पुढे गेले.

"अगं, हात!" मॅडम मागून ओरडल्या. "आणि तुला आत कोणी सांगितलं जायला? इंजिनिअर येतोय ना!"

मी मशीन चालू केलं. पंखा, टीक, लाल दिवा, हिरवा ठिपका. काळा पडदा. अंगठा चकतीवर ठेवला. फिरवली. काही नाही. मग लक्षात आलं, उलट्या बाजूला फिरवतेय. हुशारी बघा! दुसरीकडे फिरवली. आणि खोल पाण्यातून वर यावीत तशी हिरवी अक्षरं वर आली.

"अगो बाय माझे!" गणपतमामा दारातून ओरडले. "जगला मां ता!"

मॅडम धावत आल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय केलंस तू?"

"उजेडाची चकती बंद झाली होती. काल पुसताना फडक्याने फिरली."

"कोणाच्या फडक्याने?"

"फडकं तुमच्याकडेच असतं, मॅडम."

त्यांनी टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग त्या हसल्या, अगदी घरच्यासारखं. "बरं बाई, झालं ना चालू? सुटलो एकदाचे. मी इंजिनिअरला नको म्हणून कळवते. तू जा, पटकन हात धुऊन ये, कामाला लाग."

मला वाटलं होतं, पडदा उजळला की सगळं उजळेल. त्या म्हणतील, चुकलं गं माझं. एवढी मी भाबडी. त्यांच्या लेखी घडलेलं सगळं एका वाक्यात पुसून झालं होतं, आणि बाटली जागेवर होती.

"हात धुतलेत मी घरी," मी म्हटलं. "आणि माझा कालचा कागद द्या."

"तो शेठनी बघितला. फाइलला लागला. राहू दे ना आता, कोण वाचतंय?"

"मी वाचला. खोटा आहे."

"लिहिलास कोणी? मी हात धरला होता तुझा?"

त्यांनी हात धरला नव्हता. त्या जे म्हणाल्या ते शंभर टक्के खरं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

मी खुर्चीवर बसले. मशीनवर चार ओळी टाइप केल्या. पडदा बिघडला नव्हता. उजेडाची चकती पुसताना बंद झाली होती. माझे हात कोरडे होते. कालचं पत्र मला सांगून लिहून घेतलं, ते मी मागे घेते. इंग्रजी मोडकंच होतं, कारण या वेळी सुधारायला मॅडमची वाक्यं नव्हती. प्रिंटर करकरला. दोन प्रती. सही केली. टिंबं दिली नाहीत.

बाहेर येऊन गणपतमामांसमोर ठेवलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद आवक वहीत व्हायची, आणि प्रतीवर शिक्का मारून ती देणाऱ्याला परत मिळायची. ते काम त्यांचं.

"गणपत," मॅडम म्हणाल्या, "तो घ्यायचा नाही."

मामांनी चष्मा लावला. वही उघडली. "मॅडम, येणारो कागद घेवचो नि शिक्को मारूचो, ह्या माझा काम. काय लिवला हा, ता माका वाचूक येणा नाय." आणि शिक्का शाईत दाबला.

खोटं. मामा सातवी शिकलेले होते, आणि दुपारच्या जेवणानंतर रोज शेठचा इंग्रजी पेपर अक्षर लावत वाचायचे. पण तो शिक्का बसला तेव्हाचा आवाज मला लेथ मशिनींच्या वर ऐकू आला.

महिनाअखेरीला मला कायम केलं नाही. कारण सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हाही नाही. पुढे घाटकोपरला दुसरीकडे लागले, तिथे वीस वर्षं काढली. मॅडमनी माफी मागितली नाही. बाटली माझ्यानंतर कोणासाठी राहिली की उचलली, मला ठाऊक नाही.

आयला म्हटलं, आता जा त्या गल्लीत. ती म्हणाली, "कुठं जायचं ते मी ठरवीन. तुज्या सांगन्यावरनं एकदा सोडली ती पुरे." गेली नाही ती पुन्हा. जे माझ्यामुळे गेलं ते गेलं. परत आलं नाही. मी ते कशानेही भरून काढलेलं नाही.

लोक विचारतात, तुझे हात हुंगले तेव्हा तुला किती लाज वाटली असेल. वाटली. पण ती काही दिवसांत उतरली, कारण ती त्यांच्या करणीची होती. दुसरी उतरलेली नाही. कागद मी लिहिला. भीतीने लिहिला, सुवाच्य लिहिला, वर क्षमा मागितली. ही लाज माझी आहे, आणि मी ती कोणाच्या अंगावर ढकलणार नाही.

फक्त एक ठरवलं, आणि मरेपर्यंत तेच. माझ्यावरचा आरोप माझ्या हातून कोणी लिहून घेणार नाही. ज्याला करायचा असेल त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा. खाली स्वतःचं नाव घालावं, सही करावी. शिक्का मारून घ्यावा.

मग बोलू.